मालतीची अवेळी दाद

कोहऱ्यामुळे (उत्तरेतलं दाट धुकं) गाडी रखडत निजामुद्दीनला पोचली. माकडटोपी, अंगावर दोन स्वेटर आणि हातात भाकरवडीचा पुडा अशा थाटात मी उतरलो. पुडा लाच म्हणून आणला होता. आयुष्य ग्रंथालयात गेल्याने लाच देण्याचा अनुभव नव्हता. खाऊपासून सुरुवात करावी, एवढंच सुचलं.

माझ्या मेव्हण्याच्या मयूर विहारमधल्या शेजारीण निर्मलादी स्वतः गाणी रचून गातात. सत्तरी उलटल्यावर त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीतच एक कॅसेट ध्वनिमुद्रित केली होती: पहाडी लोकधुना आणि सोबत जॅझचा पियानो, सॅक्सोफोन. आम्ही नवराबायको तेव्हा पाहुणे म्हणून हजर होतो. श्वाससुद्धा जपून घ्या, अशी ताकीद होती. पण माझी मालती पुण्याच्या बैठकींत वाढलेली. तिसऱ्या गाण्यात तिच्या तोंडून "वा!" निघून गेलंच.

गेल्या श्रावणात मालती गेली. तिचा आवाज घरात त्या कॅसेटवरच होता, आणि तीही मी त्याच जागी मागेपुढे करून अखेर टेपरेकॉर्डरला खायला घातली. आता गाण्यांची सीडी निघणार आणि संगणकावर सगळे खाकरे-खोकले पुसणार, असं मेव्हण्याने फोनवर सांगितलं. म्हणून आलो.

स्टुडिओ गुडगावला होता. मोहरीच्या शेतांना खेटून काचेचे मनोरे उभे राहत होते, सगळे सारखे. मी भलत्याच मनोऱ्यात शिरलो आणि विक्रेत्या मुलीला थांबवायचं कसं ते न कळल्याने नमुन्याचा फ्लॅट पूर्ण पाहिला. स्वयंपाकघराचं कौतुकही केलं.

स्टुडिओत निर्मलादी मूढ्यावर (बोरूच्या काड्यांचं बसकं आसन) बसल्या होत्या. सनी नावाचा तरुण ध्वनिमुद्रक यंत्रापुढे होता. मी मालतीच्या "वा"चा विषय काढताच तो म्हणाला, "अंकल, वो तो मैंने कल ही उड़ा दिया. बीट से पहले था."

गाडीत घोकलेलं हिंदी भाषण पार विसरलो.

"वो हमेशा पहले ही बोलती थी," मी म्हणालो. "सम आने से पहले. लोग मुड़के देखते थे."

निर्मलादींनी भाकरवडी खाली ठेवली. "सनी, वापस लगा."

"दीदी, लोग फॉल्ट समझेंगे."

"समझने दे. बरसों बाद गा रही थी, गला काँप रहा था. उस 'वा' के बाद ही तो आवाज़ खुली."

सनीने मूळ टेप शोधून ते जागच्या जागी बसवलं आणि मला एक सीडी करून दिली.

पुण्याला पोचल्यावर लक्षात आलं, सीडी वाजवायचं यंत्र आपल्याकडे नाही. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंकडे जाऊन बसलो. जॅझ मला अजून कळत नाही. सॅक्सोफोन कुठे निघाला आहे याचा पत्ता मला गुडगावइतकाच लागतो. तिसरं गाणं आलं. मालतीने दाद दिली, आणि मागोमाग माझ्याही तोंडून "वा" गेलं. जोशीबाई वळून बघायला लागल्या.

तिची दाद समेच्या आधी होती. माझी, अर्थातच, बरीच नंतर.