कपाट उघडं ठेवू की कुलूप लावू?

मंडळी, आज सानपाड्याच्या एका शाळेत नव्या ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात बोलायला गेले होते. एका तरुण मुलीने विचारलं, "मॅडम, इथे शिकवतात, कपाटं उघडी ठेवा. आमचे मुख्याध्यापक सर म्हणतात, कुलूप लावा. ऐकायचं कोणाचं?"

ऐंशीच्या दशकात वाशीच्या शाळेत ग्रंथपाल असताना मीही असंच प्रशिक्षण घेऊन आले आणि कपाट उघडलं. कोळीवाड्यातली वनिता रोज गोष्टीचं पुस्तक न्यायची. आई सुकट वाळवायची, ही शेजारी बसून वाचून दाखवायची. पुस्तकांना वास लागला.

मुख्याध्यापक भडकले. "बाई, हे वाचनालय आहे की मासळीबाजार? कुलूप लावा!"

दुसऱ्या दिवशी वनिता दारात. "बाई, आय इचारते, गोष्टीत पुढं काय झालं?"

मी कुलूप लावलं नाही. माझ्या गोपनीय अहवालात वाईट शेरा पडला. पण नोकरी कायम होती, म्हणून निभावलं.

आज त्या मुलीला म्हटलं, "उघडं ठेव गं."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी कंत्राटावर आहे."

घरी येऊन हे लिहायला बसलेय. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?