धाकटीने गोळा खाली ठेवला

आमच्या लाँड्रीतल्या सगळ्यांपेक्षा ती हातभर उंच, तरी तिचं नाव धाकटीच. मालकांचं शेंडेफळ. ओल्या चादरींची गाठोडी उचलून तिचे दंड तयार झाले आणि त्याच दंडांनी तिला गोळाफेकीच्या राष्ट्रीय निवड चाचणीपर्यंत नेलं. मी तिथे इस्त्री करते. मागच्या खोलीत ती रांगायला शिकली ते माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणून त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "आता गोळा फेकणार आहे आपली परदेशी पाहुणी." माणूस वाईट नव्हता. आपण कौतुकच करतोय, असं त्याला वाटत होतं. पण परदेशातून आले ते तिचे आईवडील.

धाकटीने मानेशी धरलेला गोळा खाली ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. वेळ संपली, पंचांनी लाल निशाण वर केलं. तीन संधींपैकी एक गेली.

दुसऱ्यांदाही तेच शब्द आणि तीच घडी. प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. "अगं, आधी फेक, मग भांड."

"पाहुणी म्हणून फेकलेला गोळा माझा कसा होईल, सर?" ती म्हणाली आणि तडक निवेदकाच्या टेबलापाशी गेली. मीही पदर खोचून मागोमाग.

"काका, आईबाबा तिकडून आले. घरी मी त्यांची भाषा बोलते, नाकडोळे त्यांचेच घेतलेत. ते मला लपवायचं नाही. पण मी नागरिक इथली, खेळते या देशासाठी. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, तर वेगळ्या सांगा. नाहीतर तिसऱ्यांदाही खाली ठेवते."

"एवढ्याशा शब्दापायी निवड घालवशील, पोरी?"

"घालवीन."

तिसऱ्या वेळी त्याने घसा खाकरला. "आपल्या देशाची खेळाडू. आईवडील बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले."

धाकटीने गोळा उचलला. तो सगळ्यांच्या खुणांपलीकडे जाऊन पडला, तेव्हा माझ्या शेजारचा बातमीदार कॅमेरा मांडीवर टाकून टाळ्या वाजवत होता. मी तर रडलेच.

संध्याकाळी तोच बातमीदार लाँड्रीत आला. मालकांना म्हणाला, "तुमच्या देशात आज आनंदीआनंद असेल, नाही?"

मालक चादरीची घडी घालत होते; मैदानावरचं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. हात न थांबवता म्हणाले, "आहे ना. सकाळी तुम्हीच नव्हतात का टाळ्या वाजवत?"