बहिष्कारातलं वाण

एक दुनम म्हणजे दहा गुंठ्यांना जरासं कमी. पॅलेस्टाइनमध्ये जमीन दुनमात मोजतात हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि कळल्याबरोबर मी त्याचे गुंठे केले. पतपेढीत हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. परकं माप आपल्या मापात आणल्याशिवाय मला गोष्ट खरी वाटत नाही.

हा हिशेब मी केला तो आमच्या लालबागच्या चाळीत, गॅलरीत मेथी निवडताना. शेजारी वहिनी बसली होती. वहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीतली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मूळची मालवणकडची. माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला होता. एक म्हातारी ऑलिव्हच्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसली होती आणि मागे बुलडोझर उभा होता. खाली लिहिलं होतं की हिची दोन दुनम बाग गेली. मी म्हटलं, म्हणजे वीस गुंठे, थोडे कमीच.

वहिनीचे हात थांबले. "आमची बावीस होती," ती म्हणाली.

ती बाग मला ऐकून माहीत होती. वहिनी लहान असताना ती धरणाखाली गेली. तिचे वडील नंतर दर मे महिन्यात, पाणी उतरलं की, तिथे जायचे. चिखलात काजूचे वाळलेले बुंधे उभे असायचे. ते त्यांच्यात थोडा वेळ हिंडायचे आणि परत यायचे.  त्या दिवशी वहिनीने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मेथी तशीच राहिली.

बहिष्काराची गोष्ट मात्र काढली आंटीने. आंटी तळमजल्यावर राहते. ख्रिस्ती आहे, म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स होती, आणि निम्म्या चाळीची बाळंतपणं तिच्या देखत झाली आहेत. एका संध्याकाळी जिन्याशी आम्ही चार-पाच जणी उभ्या असताना ती म्हणाली, "मोर्चाबिर्चा मला जमत नाय, गुडघे गेले. पण घरात काय येणार ते कोण ठरवतं? आईच ठरवते ना? मग पिशवी आपल्याच हातात आहे."

एवढंच झालं. सभा नाही, फलक नाही. ज्या कंपन्यांचा धंदा त्या बळकावलेल्या जमिनींवर चालतो, त्यांचा माल आणायचा नाही, असं चौदा घरांतल्या बायकांनी ठरवलं. कारण कुणाला फार समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गॅलरीतून जे टॉवर दिसतात त्यांच्या जागी माझ्या वडिलांची गिरणी होती. जागा गेली की माणसं कुठे कुठे जातात ते आम्ही पाहिलं आहे.

फोनवर फिरणाऱ्या याद्या मी बाजूला ठेवल्या. त्यांत वाटेल ती नावं होती. शोधून, वाचून, जिथे पुरावा सापडला तेवढीच नावं मी धरली. ती मूठभरच निघाली. कोपऱ्यातल्या खोलीतली काकू म्हणाली, "हिला आता साबणालाही ऑडिट लागतं." मी म्हटलं, लागतं. आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. मला शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, होत्या. कुणाच्या धर्माबद्दल एक वावगा शब्द निघाला तर मी उठून जाणार. तसा शब्द कधी निघाला नाही.

अडचण होती ती वहिनीच्या घरात. त्या मूठभर नावांतल्याच एका कंपनीचा माल वहिनीचा नवरा दुकानांना पोचवायचा. मी त्यांना भाऊजी म्हणायची. एका एजन्सीत ते लग्नाआधीपासून होते. परळ, शिवडी, काळाचौकी, सगळे दुकानदार त्यांना ओळखायचे. खोके सुतळीने बांधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. त्यांची एक गाठ होती, एका बाजूने कितीही ओढा, ढिम्म हलायची नाही; दुसरं टोक ओढलं की अलगद सुटायची. चाळीत कुणी गावाला निघालं की सामान बांधायला त्यांनाच हाक जायची.

वहिनीने बहिष्कारात भाग घेऊ नये असं मीच तिला सांगून पाहिलं. तुझ्या घरची चूल त्यावर चालते, तुला कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, चूल त्यांच्या घामावर चालते, कंपनीच्या मेहेरबानीवर नाही, आणि मी त्या म्हातारीला पाहिलं आहे. भाऊजींनी यावर भांडण केलं नाही. गॅलरीत येऊन मला ऐकू जाईल अशा बेताने ते तिला म्हणाले, "इतकी वर्सां सरकारात विरोधी पक्ष बघलो. आता तो माझ्या घरातच हा." वहिनी हसली आणि त्यांना चहा दिला. घरातला साबण त्या दिवसापासून बदलला.

पुढच्या पावसाळ्यात भाऊजींचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं निकामी होत होती. रिपोर्ट आला की वहिनी माझ्याकडे आणायची, कारण आकडे मला कळतात अशी तिची समजूत. आकडे मला कळत होते. दर वेळी क्रिएटिनिनचा तो एकच आकडा वर चढलेला असायचा आणि मी तिला खरंच सांगायची. खोटं सांगायचं तर मला माझ्याच आवाजाची लाज वाटली असती. दिवाळीपर्यंत ते डायलिसिसवर गेले आणि त्यांचं काम सुटलं. एजन्सीच्या मालकाने माणूस पाठवून चौकशी केली आणि बरोबर साबणांचा एक खोका दिला. तुमच्या हातून इतका माल गेला, हा तुमच्या घरासाठी, असा निरोप होता.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या घरांचं मिळून एकाच दिवशी असतं. प्रत्येक बाई बाकीच्या तेरा जणींना वाण देते, वाटी, डबी, गाळणी, असं घरात लागणारं काहीतरी. त्या वर्षी आधीच ठरलं होतं की बहिष्कारातली वस्तू कुणी वाणात आणायची नाही. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आली आणि दार लोटून घेतलं.

तिने सांगितलं की तिला वाणात ते साबण द्यायचे आहेत. मी विचारलं, का? तू डबे करतेस, तुझ्या हातात चार पैसे आहेत, चमचे घे, काहीही घे.

"ताई, वाण कशासाठी देतात?" ती म्हणाली. "त्यांच्या आयुष्यासाठी ना? मग ते त्यांच्या कमाईतलं नको? माझ्या डब्यांच्या पैशाचं वाण देऊन मी त्यांचं आयुष्य मागू?"

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण ती जे म्हणत होती त्यात तिच्या बाजूने चूक काहीच नव्हती. त्यांच्या कमाईतलं म्हणता येईल असं घरात तेवढंच उरलं होतं. मी विचार करून तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, बहिष्कार विकत घेण्यावर आहे, आणि हे कुणी विकत घेत नाही. तेव्हा नियम मोडत नाही. दुसरी, मी वाण घेईन, पण वापरीन असं कबूल करणार नाही.

"घ्या म्हणजे झालं," ती म्हणाली.

बाकीच्यांना सांगायचं काम मी केलं. काकू म्हणाली, "म्हणजे त्यांची जाहिरात आता आपल्या मोरीत?" दुसरी एक म्हणाली की नियम सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर उद्या कुणीही काहीही आणेल. दोघींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आंटी तेवढं म्हणाली की सवाष्णीने दिलेलं परत करायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यावर विषय संपला.

हळदीकुंकवाच्या दिवशी वहिनी हिरवी साडी नेसून गॅलरीत आली. प्रत्येक साबण तिने खाकी कागदात बांधला होता. बांधला होता म्हणजे, भाऊजींनी. खाटेवर उशीला टेकून, दोन दिवस, थांबत थांबत त्यांनी ते तेरा पुडे केले होते. बारीक दोरा, आणि वर तीच त्यांची गाठ. वहिनीने प्रत्येकीच्या हातात पुडा ठेवला, आणि प्रत्येकीने तो कपाळाला लावला. काकूनेही लावला. त्या गर्दीत कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. भाऊजींनी आतून विचारलं, "काय गे, घेतल्यानी सगळ्यांनी?" तिने सांगितलं, घेतलं.

मी घरी येऊन पुडा माळ्यावरच्या डब्यात ठेवला. तो मी वापरू शकले असते. नियमात बसत होतं, माझंच म्हणणं होतं ते. पण प्रत्येक आंघोळीला ते नाव हातात घ्यायचं आणि ती बुंध्याला धरून बसलेली बाई आठवायची, हे मला जमलं नसतं. मी आजही तसंच करीन.

भाऊजी होळीच्या आधी गेले. हॉस्पिटलातून आणल्यावर तिरडी बांधताना कुणीतरी सवयीने म्हणालं, सुतळी भाऊंकडे द्या. 

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनी माझ्या दारात उभी राहिली. कपाळ मोकळं. कुंकू लाव म्हणून आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, लावीन, मला वाटेल तेव्हा. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"ताई, तो पुडा सोडला नसेल तर मला परत द्याल?"

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "कपडे धुतले गेले, खाट भाड्याची होती ती परत गेली. त्यांच्या हातचं असं घरात काही नाही. गाठ न सोडलेली असेल तर द्या."

मी स्टुलावर चढून डबा काढला. गाठ तशीच होती. कागदावर माझ्याच बोटांची हळद लागून वाळली होती. वहिनीने पुडा घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि पिशवीत टाकला. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. तिला एकटीला घरोघर ते मागू द्यावं असं मला वाटलं नाही.

आम्ही एकेका दारात गेलो. कुणी शोकेसच्या खणातून काढून दिला, कुणी देवघराच्या खालून, कुणी जुन्या साड्यांच्या घडीतून. कुणी फेकला नव्हता, कुणी दुसऱ्याला दिला नव्हता. आणि कुणी सोडलाही नव्हता. काकूने तर तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. देताना ती म्हणाली, "पोरी, रागावू नकोस." वहिनी म्हणाली, रागावले नाही काकू, बरं झालं ठेवलात. आणि ती खरंच रागावली नव्हती. पण प्रत्येक दाराशी पिशवी भरत होती आणि तिचा चेहरा उतरत होता, ते मी शेजारी उभी राहून बघत होते. तिला पुडे हवे होते. आणि प्रत्येक पुडा तिला हेही सांगत होता की तिच्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी दिलेलं त्या घरात कुणी वापरलं नव्हतं. मी तिला म्हणाले, तुला ठाऊक आहे ना, तो आकडा दिवाळीपासूनच कुठे गेला होता. वाणाने काही झालं नसतं आणि काही बिघडलंही नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे ताई. तुम्हीच वाचून दाखवला होता."

शेवटी तळमजल्यावर आंटी राहिली. बारा पुडे पिशवीत होते. पिशवी मी घेतली होती, कारण ती जड झाली होती.

आंटी दारातच खुर्ची टाकून बसली होती. वहिनीने तिला तेच विचारलं. 

"माझ्याकडे नाय गं," ती म्हणाली. "मी वापरला. संपला."

ज्या बाईने हे सगळं सुरू केलं होतं, जी आजही त्या कंपनीचं नाव दुकानदाराच्या तोंडून ऐकून घेत नाही, तीच हे म्हणत होती. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "नवऱ्याच्या जिवासाठी दिलेलं होतं ना ते? मी कसं बाजूला ठेवू? रोज सकाळी हात धुवायचे आणि त्याच्या नावाने प्रार्थना करायची. तो गेला त्याच्या दोन दिवस आधी संपला."

वहिनी खाली उंबऱ्यावर बसली. भाऊजी गेल्यापासून ती चारचौघांत रडली नव्हती, ती तिथे रडली. आंटीने खुर्चीतून वाकून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी पिशवी धरून उभी होते. खाली ठेवावी की नाही, कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वहिनीने डोळे पुसले. आंटीचा हात तिने सोडला नव्हता.

"दोरा तरी असेल?" तिने विचारलं. "वरचा?"

आंटीने नकारार्थी मान हलवली. गाठ सहज सुटली होती, ती म्हणाली, टोक ओढल्याबरोबर. आणि दोरा तिने कागदाबरोबर टाकून दिला होता.