पूजेतल्या चाव्या

आमच्या शाळेची सुरक्षितता लाल कापडी बांधणीच्या एका वहीत राहत असे. वही माझ्या ताब्यात होती, म्हणून सुरक्षितता-प्रमुखही मीच. नव्वदचे दशक उतरणीला लागले होते. शहरात सुभानपुऱ्याकडे नव्या इंग्रजी शाळा निघत होत्या, आणि आमची जुनी मराठी कन्याशाळा त्यांच्या मागे पडू नये या चिंतेने संस्थेच्या कार्यवाहांनी मला मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडले. तिथे मी पिवळे हेल्मेट चढवून जळत्या डब्यावर पावडर फवारली आणि फोटो काढून घेतला. तो फोटो शिक्षकांच्या खोलीत लागला. प्रशिक्षणात काय सांगितले ते महिन्याभरात विसरलो. फोटो मात्र रोज जाता-येता पाहत असे.

वहीत दरमहा तीन नोंदी व्हायच्या. अग्निशामक नळकांडी: सुस्थितीत. हे खरे होते, कारण त्यांना कोणी हातच लावत नसे. वाळूच्या बादल्या: भरलेल्या. हेही खरे, कारण त्यांत वाळूबरोबर पेन्सिलींची टरफले आणि चिंचोकेही असत. मागच्या जिन्याचे दार: खुले. हे धडधडीत खोटे होते. मधल्या सुट्टीत मुली त्या दाराने मागच्या गल्लीतल्या सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, पळत, म्हणून कार्यवाहांनी त्याला कुलूप ठोकले होते. मुलींच्या जिवाला मोठा धोका सेव-उसळीचाच, याविषयी आम्हा सुशिक्षितांत दुमत नव्हते.

माझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. घरी त्यांची तलवार आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते आणि पूजेतले शस्त्र दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचे नाही, असा आमच्या घरचा दंडक. शाळेतही सुरक्षिततेच्या साधनांची अशीच पूजा करावी, ही कल्पना माझी. ती दुसऱ्या कोणावर ढकलता आली असती तर मी एव्हाना ढकललीही असती. कार्यवाह तर हरखूनच गेले. "वा सर! परंपरा ती परंपरा, आणि आधुनिक ते आधुनिक!" म्हणाले.

त्या नवमीला वरच्या मजल्यावरच्या सभागृहात पाट मांडले. भिंतीवरची नळकांडी उतरवून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. शाळेची घंटा, प्रयोगशाळेचा तराजू आणि चाव्यांचा जुडगाही पाटावर ठेवला. वर क्रेप कागदाच्या झिरमिळ्या लावल्या, पाटांशेजारी समई लावली. शाळेच्या मावशी सतरंज्या अंथरत होत्या. पाणीगेटला राहणाऱ्या, नवरा गेलेल्या या बाईंकडे घंटेपासून झाडलोटीपर्यंत सारे काही होते.

"सर," त्या म्हणाल्या, "आज सगळ्या मुली वर बसणार. मागचं दार उघडून ठेवू का?"

"चाव्या पूजेत आहेत, मावशी. उद्यापर्यंत हलवायच्या नाहीत."

"देवाला चावी कशाला हो? त्याला कुठे जायचंय?"

मुली खिदळल्या. मीही हसलो. मोठ्या मनाने हसण्याची एक शिक्षकी लकब असते, तसा.

आरती सुरू होताना कार्यवाहांना उकडू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहून वर बोट केले. मी पंखा लावला. एक झिरमिळी सुटून समईवर पडली आणि पाहता पाहता पाटावरचे कागद, माळा, मागचा पडदा पेटले. धूर पुढच्या जिन्याच्या बाजूला वळला, मुली किंचाळत मागच्या दाराशी गर्दी करू लागल्या. आणि फोटोतल्या पिवळ्या हेल्मेटातला मी माळा घातलेल्या नळकांड्यासमोर उभा होतो. त्या क्षणी माझ्या मनात काय आले, ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो: हे दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही.

मावशींनी जळत्या पाटात हात घातला. जुडगा उचलला, "बाजूला व्हा गं!" म्हणून ओरडत गर्दीतून वाट काढली आणि दार उघडले. सगळ्या मुली खाली उतरल्या. कोणाला इजा झाली नाही. मावशींचा उजवा तळवा मात्र चाव्यांच्या आकारात भाजला होता. आग शेजारच्या रहिवाशांनी पाण्याने विझवली. नळकांडी तशीच सुस्थितीत राहिली.

दसरा झाल्यावर अहवाल लिहायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पंख्याचे नाव घेतले तर कार्यवाहांचे बोट येत होते, कुलपाचे नाव घेतले तर माझी वही. कार्यवाह समोर बसून म्हणाले, "सर, भाषा तुमची चांगली आहे. सौम्य लिहा."

मी सौम्य लिहिले. मावशींच्या हातून समई कलंडली, मागचे दार नियमाप्रमाणे खुले होते, विद्यार्थिनी शिस्तीने उतरल्या. इतके निर्दोष मराठी मी पुन्हा लिहिलेले नाही.

हाताला पट्टी बांधलेल्या मावशी मला व्हरांड्यात भेटल्या. "सर, तुम्ही तिथेच होतात. पंख्याचं लिहा ना. माझी नोकरी जाईल."

"बघतो," मी म्हणालो.

नोकरी गेली. निरोपाला त्यांना नारळ द्यावा असे मी सुचवले, ते मान्य झाले, आणि त्या दिवशी मला बरे वाटले. स्वतःविषयी मला सर्वांत किळस येते ती याची. खोटे लिहिणारे पुष्कळ असतात. खोटे लिहून वर नारळही सुचवणारा माणूस वेगळ्याच जातीचा.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. वही दुसऱ्या शिक्षकांकडे गेली, वर्षामागून वर्षे सरली. गेल्या नवमीच्या आदल्या दिवशी, पन्नाशी उलटल्यावर, मी पाणीगेटला त्यांच्या खोलीवर गेलो. मावशी आता वाकल्या आहेत. पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हाताने पुढे केला. मी जे लिहिले होते ते सारे सांगितले, क्षमा मागितली.

त्यांनी ऐकून घेतले. "मला माहीत होतं की सर. अहवाल वाचून दाखवला होता मला. छान लिहिलं होतंत." मग म्हणाल्या, "ते जाऊ द्या. ते दार आता उघडं असतं ना?"

मी "हो" म्हणणार होतो. तोंडही उघडले होते. मग लक्षात आले, मला माहीत नाही.

"बघतो," मी म्हणालो.

"पुन्हा बघता?" त्या हसल्या. "जा, बघा मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली येण्यापूर्वी मी वरच्या मजल्यावर मागच्या जिन्याच्या दाराशी गेलो. दाराला नवे, जाड कुलूप होते. खाली येऊन लाल वही मागवली. त्या महिन्याची नोंद आधीच झालेली होती: खुले. अक्षर दुसऱ्याचे, शब्द माझाच. मी तो खोडला, त्यावर "बंद" लिहिले, सही केली आणि जुन्या अहवालातली ती आग खरोखर कशी लागली, ते त्याखाली लिहायला घेतले. पंख्यापासून.

मग आठवले की मुली येऊ लागल्या असतील. वही तशीच उघडी टाकून आधी चावी शोधायला उठलो.