गेरू लावलेला खांब

कुंदा गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिच्याच नावानं बोटं मोडत होते. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली टेकवायच्या, हा तिनं मला लावून दिलेला रोजचा छळ. तवा तापलेला, मी एका पायावर बगळ्यासारखी, आणि माझी नात ऋतुजा फोन हातात धरून दारात उभी. ती नुसती स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडं बघत राहिली... तेव्हाच मला कळलं. त्या गुडघ्याचं पुढं काय, हे सांगणारं माणूस गेलं होतं.

ऋतुजा खो-खो खेळते. सूर मारताना तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतरचे सगळे महिने ती कुंदाच्या हाताखाली होती. आधी पाय वाकवायला शिकली, मग चालायला, मग पळायला. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी पाय ठीक म्हणून सांगितलं होतं. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि सरांनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. फक्त कुंदानं ‘हो’ म्हणायचं राहिलं होतं. कुंदाचं हृदय आधीच थकलेलं होतं, ते मध्येच थांबलं.

कुंदा आणि मी पाचोडच्या शाळेतल्या. बाजार भरायचा त्या मैदानाच्या कडेला आमचा खो-खो चालायचा. मी म्हणजे दोन वेण्या, लाल रिबिनी आणि अकलेचा दुष्काळ. गावात माझ्याइतकं वेगात कुणी पळत नाही असा माझा समज होता. घरच्या कामाच्या बाबतीत तो खराही होता. एका सामन्यात खांबाला वळसा घालताना कुंदाचा गुडघा मुरगळला आणि ती खाली बसली. तिच्या तोंडातून आवाज नाही. बोंब मी ठोकली, ती अशी की गुरुजी ओलं फडकं घेऊन धावत आले आणि त्यांनी माझा धडधाकट पाय बांधून टाकला. मीही रडत रडत बांधून घेतला! कुंदा पलीकडून म्हणाली, "शके, तुझं बांधून झालं की माझ्याकडं पाठव." तिला मग हाडवैद्याकडं नेलं. त्यानं कामट्या बांधल्या. सोडल्या तेव्हा गुडघा पुरता वाकेना. घरच्यांनी म्हटलं, चालता येतंय ना, झालं तर. कुंदा त्यावरही काही बोलली नाही. पुढं मुंबईला फिजिओथेरपी शिकायला निघाली, तेव्हा ती इतके दिवस गप्प बसून काय ठरवत होती ते आम्हाला समजलं.

शिकून ती आमच्या शहरात आली. तेव्हा त्याला सगळे औरंगाबादच म्हणायचे. दवाखान्यात ती अर्धांगवायूच्या माणसांना चालायला शिकवायची. तिथली सुटी झाली की मागच्या दारानं खेळाडू यायचे. लंगडणारे पैलवान, खांदा धरून आलेली कबड्डीची पोरं. त्यांना सगळीकडं एकच औषध मिळायचं, खेळ सोडा. शेवटी तिनं नोकरी सोडली आणि गारखेड्यात फक्त खेळाडूंसाठी खोली घेतली. मी तेव्हा संसारी बाई, मला वाटायचं जगातली सगळी अक्कल माझ्या पदराला बांधलेली आहे. पाटीवर ‘खेळाडू पुनर्वसन’ वाचून मी खो खो हसले होते. म्हटलं, "पुनर्वसन धरणाखाली गेलेल्यांचं असतं ना गं? आपल्या जायकवाडीसारखं?" ती पाटी पुसत होती. म्हणाली, "व्हय. ह्यांचंबी गाव बुडालेलंच असतं." माझं हसू तिथंच वाळलं. शहागंजची पोरं तिला कुंदाआपा म्हणायची आणि तिच्यासमोर कुरकूर करायची टाप कुणाची नव्हती.

तिची एक खोड होती. ती कुणाच्या बरोबरीनं चालायची नाही, मागून चालायची. माणसाचं दुखणं पाठमोरं दिसतं म्हणायची. दोघी मंडईत निघालो की मी बोलत पुढं आणि मागून आवाज, "डावा खांदा पाडू नको... टाच टेकव..." लोकांना वाटायचं, म्हातारी स्वतःशीच भांडतीय. आता ती नाही, आणि मी मंडईत गेले की मान ताठ होते. जिन्यात थांबले तर मागची पायरीही थांबल्यासारखी वाटते. वळून बघत नाही मी. दिसली तर काय, ही भीती आहे. आणि नाही दिसली तर... ती जास्त मोठी आहे.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तिच्या नाकात नळी होती, तरी तिनं विचारलं, "पोरगी वळती कशी?"

"झकास वळती."

"तुला काय कळतंय? धडका पाय बांधून घेणारी तू." हसताना तिला धाप लागली. मग म्हणाली, "खांबाला गेरू लाव. तळवा बघ. तुझी माया बाजूला ठेव, अन् तिची घाईबी."

ही तिची रीत मला पाठ होती. खो-खोत वळताना खेळाडू खांबाला हात लावून गिरकी घेतो. दुखावलेल्या पायावर भरवसा असेल तर नुसती बोटं लागतात. नसेल तर सगळा तळवा खांबावर पडतो, अंगाचा भार हातावर येतो. हे पळणाऱ्याला स्वतःलाही समजत नाही. म्हणून कुंदा खांबाला ओला गेरू फासायची आणि हात बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची.

निवडीच्या सकाळी मी डब्यात गेरू कालवून मैदानावर गेले. ऋतुजा मला बघून चिडली. "आज्जी, डॉक्टर हो म्हणालेत, सर हो म्हणालेत. आता तू कोण?" मी म्हटलं, "मी कुणी नाय. मी नुसती डबा धरणारी." तिनं रागानंच खांब रंगवला आणि पळाली. काय पळाली! वाऱ्यासारखी आली, वळली, गेली. पुन्हा आली, पुन्हा वळली. माझे डोळे भरले. मी मनातल्या मनात ‘हो’ म्हणून टाकलं.

ती थेट नळाकडं गेली. परत आली तेव्हा हातातून पाणी निथळत होतं.

"दाखव."

"धुतला मी. खाज सुटली होती."

मी खांबाकडं बघितलं नाही. शप्पथ सांगते, हिंमतच झाली नाही. ऋतुजाच माझ्या खांद्यावरून तिकडं बघत होती. ओल्या गेरूत पूर्ण तळवा उमटलेला, मनगटापर्यंत, हे मी नंतर बघितलं. माझ्या पाठीशी कुणीतरी उभं आहे आणि ही त्याच्याशी नजर मिळवू शकत नाही, असं तिचं तोंड झालं होतं.

मग ती सरांपाशी गेली. काय बोलली ऐकू आलं नाही. सरांनी निवडीच्या यादीवर रेघ मारलेली तेवढी दिसली. मला वाटलं, आता घरी जाऊन दार लावून रडेल. पण ती परत आली, माझ्या हातातला डबा घेतला आणि खांबासमोर बसली. तळव्याच्या खुणेवर तिनं गेरूचा नवा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, कुठं फट राहू न देता. तो वाळायच्या आत उठली आणि पुन्हा पळायला रेषेकडं चालत गेली.