लाकडांची उतरंड

लाकडं आडवी रचायची की उभी ठेवायची, या प्रश्नावरून माझ्या ताईचं लग्न मोडता मोडता राहिलं. लाकडं बाभळीची होती. प्रश्न माझा होता.

आमचं घर मूल गावाहून चामोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे, आणि ते पत्रकांचं घर आहे. बाबा तरुणपणी पत्रकं छापून वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. (बाकीची पोरं 'कमळ' आणि 'गवत' शिकली. मी थेट 'जाहीर निषेध' शिकले!)

तर हिवाळा सरता सरता बाबांनी शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, वाळलेली बाभूळ तोडली, फोडली आणि अंगणात आणून टाकली. कारण मोठं होतं. ताईला चामोर्शीचं स्थळ आलं होतं. मुलगा गडचिरोलीला नोकरीत, कमी बोलणारा. ताईला इतका पसंत, की त्याचा फोन आला की ती बोलत बोलत थेट विहिरीपर्यंत जायची. त्याचे वडील मराठीचे रिटायर गुरुजी. त्यांची एकच अट होती. "हुंडा नको, मानपान नको. घर तेवढं विचाराचं पाहिजे."

विचाराचं घर! तालुक्यात आमच्यापेक्षा विचाराचं घर होतं कुठे? बोलणीचा दिवस बाबांनी होळीच्या पौर्णिमेचा ठरवला. "आपल्याकडे होळी नसते. गाव आपल्या नादात राहील, आपुन आपल्या कामात," असा त्यांचा हिशेब. पाहुण्यांचा भात, वरण, आलूवांगं चुलीवर होणार होतं. म्हणून ही लाकडं.

आई म्हणाली, "जा वो पोरी, भिंतीले लावून आडवी रचून ठेव."

मी रचायला लागले. जाड बुंधे खाली, मध्यम त्यांच्यावर, बारीक काड्या सगळ्यात वर. तिसरा थर लावताना माझ्या डोक्यात वीज चमकली. ही तर उतरंड! तळातल्याने सगळ्यांचा भार सोसायचा, मातीत कुजायचं, आणि वरच्याने ऊन खात पसरायचं! आमच्याच अंगणात! माझ्याच हाताने!

मी रचलेली सगळी लाकडं पाडली.

"काऊन पाडलं वो?" आई धावत आली.

"आई, ही विषमता आहे."

"ही बाभूळ हाये."

"प्रत्येक लाकूड आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. शिवाय उभ्या लाकडातून हवा खेळते. वैज्ञानिक दृष्टिकोन!"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा, ज्यांनी मला हे सगळं वाचायला दिलं, ते एकदम गाईला पाणी दाखवायला निघून गेले. (गाय नुकतीच पाणी प्यायली होती.)

मग मी अंगणाच्या मधोमध एक उंच बांबू रोवला आणि त्याच्या भोवती सगळी लाकडं उभी केली. खाली घेर, वर टोक. बांबूला एक पुठ्ठा बांधला आणि त्यावर लाल शाईने लिहिलं, 'उतरंडिचा जाहीर निषेध! कोणाचा कोणावर भार नाही!' मागे सरून पाहिलं. काय देखणी समता होती ती!

आता आमच्या भागात फाल्गुनात, अंगणाच्या मधोमध, उंच बांबूभोवती उभ्या केलेल्या लाकडांना काय म्हणतात, हे लहान लेकरालाही कळतं. मला कळलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्यांत ती कोणी केलीच नव्हती ना!

त्यात मी दुसरं एक महान कार्य करून बसले होते. गावात दरवर्षी प्रत्येक गल्लीची वेगळी होळी पेटते आणि जंगलातली लाकडं उगाच जळतात. म्हणून मी पत्रक काढलं होतं, 'लाकूड वाचवा! निदान एक गाव, एक होळी करा!' घरोघरी वाटलं. माझ्या पत्रकांवर लोक पोहे खातात, हे मला माहीत होतं. यावेळी त्यांनी ते वाचलं! मेल्या सगळ्यांनी वाचलं!

पौर्णिमेच्या दुपारी आईने चूल मांडली. ताई नवं पातळ नेसून आरशासमोर. एवढ्यात फाटकातून शेजारच्या पार्वताबाई आल्या. हातात पाण्याचा लोटा, नारळ, गाठी आणि शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्यांची, ही लांब माळ. मागे गल्लीतल्या दहा-बारा बाया. त्यांच्यामागे दुसऱ्या गल्लीतल्या. हलगीसुद्धा होती!

"का जी पार्वताबाई, कुठी निघाल्या?" मी विचारलं.

"कुठी म्हणजे? इथीच! तुया कागदात लिवलं नाई का, एक गाव एक होळी? आमी साऱ्यायनं इचार केला, सर्वात मोठी होळी तं तुमच्याच आंगनात हाये. मंग आमी आपापल्या होळ्या केल्याच नाई!"

"ही होळी नाही हो!"

"लाजतं काऊन? इतक्या वर्षानं तुमच्या घरी सन आला. आमाले आनंदच झाला, बाप्पा!"

आणि त्यांनी माझ्या समतेच्या गळ्यात चाकोल्यांची माळ घातली. बाया पाणी सोडत गोल फिरू लागल्या. हलगी वाजली. मी ओरडत होते, "थांबा! ही लाकडं स्वयंपाकाची आहेत! ओली करू नका!" तर त्या म्हणाल्या, "अवो, बोंबलायचं मंग असते, पेटवल्यावर!"

आई कपाळाला हात लावून चुलीपाशी बसली होती. बाबा पुन्हा गाईकडे निघाले होते. आणि बरोबर त्या क्षणी फाटकाशी गाडी थांबली.

आधी मुलगा उतरला, मग गुरुजी. पांढराशुभ्र सदरा, खिशाला दोन पेन. त्यांनी अंगण पाहिलं. माळ पाहिली. फिरणाऱ्या बाया पाहिल्या. मग त्यांनी इतक्या थंड आवाजात विचारलं, की हलगीसुद्धा गप्प झाली.

"जयभीम. पत्ता चुकला का जी आमचा?"

दारात ताई पांढरीफटक. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला आजही चुलीत लाकूड सारताना आठवतं. आता बोलणं भाग होतं. आणि बोलणं मला येतंच!

"गुरुजी!" मी पुढे झाले. "ही होळी नाही. हा उतरंडीचा निषेध आहे! आडव्या रचाईत तळातल्या लाकडाने सगळ्यांचा भार सोसायचा. इथे कोणाचा कोणावर भार नाही. प्रत्येक लाकूड स्वतंत्र आहे. हे बघा, यातलं कोणतंही एक काढा, बाकीच्यांना काहीच फरक पडत नाही!"

आणि मी एक काढलं.

फरक पडला.

आधी शेजारचं लाकूड कललं, मग त्याच्या शेजारचं, मग धडाधड सगळी समता अंगणभर! बाया किंचाळत पळाल्या. एक बुंधा गडगडत गुरुजींच्या चपलेशी जाऊन थांबला. बांबू सपकन आडवा झाला, आणि त्याच्यावरची चाकोल्यांची माळ हवेत गिरकी घेऊन नेमकी नवऱ्या मुलाच्या गळ्यात! तो बिचारा हात जोडून तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, स्वागत चाललंय.

ताई फिसकन हसली. मग तोही हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते वाकले, धुळीतला पुठ्ठा उचलला, चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला.

त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"'उतरंडीचा' मधला 'डी' दीर्घ असते," म्हणत त्यांनी दुरुस्ती केली आणि बाबांना हाक मारली. (बाबा गाईच्या आडून आले.) "घर इचाराचंच हाये जी. शुद्धलेखन तेवढं कच्चं हाये. ते चालते."

"म्हणजे ठरलं?" आईने बसल्या जागेवरून विचारलं.

"ठरलं. पण आधी वरण शिजवा, भूक लागली."

"अन आमची होळी?" पार्वताबाईंचा आवाज आला. मी जमिनीकडे पाहू लागले. शेवटी बायांनी चौकात नुसत्या घरोघरच्या चाकोल्यांची होळी केली, एकही लाकूड न घालता, आणि नंतर आमच्याच पंगतीला आल्या. (पत्रक यशस्वी झालं, हे मी कोणालाही सांगू शकत नाही.)

पाहुणे हात धूत होते, तेवढ्यात नवऱ्या मुलाने गळ्यातली माळ काढून सगळी लाकडं गोळा केली आणि भिंतीला लावून आडवी रचली. जाड खाली, बारीक वर. कोणाला काही न विचारता. ताई कौतुकाने बघत होती. मी चालवून घेतलं. माणूस आमच्या घरात नवीन होता.

आता ताई गडचिरोलीला असते आणि आमची लाकडं आडवीच असतात. पण मी तत्त्व सोडलेलं नाही. दर रविवारी मी सगळी रचाई मोडते, तळातली लाकडं वर आणते, वरची तळात घालते. घामाघूम होते. माझ्या मते ही क्रांती आहे.

आई म्हणते, "करत राह्य वो. लाकडातला इंचू निघून जाते."