कोरियन सिंहाची धूपदाणी

माझ्यासारखी करंटी बाई अख्ख्या ऑकलंडात शोधून सापडायची नाही. उगाच म्हणत नाहीये.

मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा आला नाही. माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात नवरा, मी आणि सतत रडणारं बाळ. कुंपणापलीकडची कोरियन शेजारीण रोज दुपारी समुद्री शेवाळाचं सूप घेऊन यायची. त्यांच्यात म्हणे बाळंतिणीनं ते प्यायचंच असतं. मला वासानंच मळमळायचं, पण ती समोर बसून पाजायची. आईनं तरी याहून वेगळं काय केलं असतं? नवरा सोडला तर तेव्हा त्या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

तिच्या गॅरेजमध्ये भट्टी होती. बाळ तीनेक महिन्यांचं झाल्यावर तिनं स्वतः घडवलेली धूपदाणी आणून दिली. राखाडी-हिरवी झिलई, झाकणावर बसलेला सिंह, धूर त्याच्या उघड्या तोंडातून निघणार. खालच्या भांड्यावर उडते बगळे. ते रंगवलेले नव्हते. ओल्या मातीत कोरायचे, त्यात पांढरी माती भरायची, वरची जास्तीची खरवडून काढायची, असं ती खाणाखुणा करून सांगत होती आणि मी जांभया देत होते.

आणि मग मी काय केलं? कपाटात टाकली. आपल्याकडे असतं ना, आलेल्या वस्तू पुढे सरकवायचं कपाट, त्यात. न्यू लिनला मैत्रिणीची वास्तुशांत निघाली, दुकानात जायचा कंटाळा, दिली कागदात गुंडाळून. आणि साफ विसरले.

तीन वर्षांनी त्याच मैत्रिणीकडे दिवाळीच्या फराळाला शेजारणीला मीच हौसेनं घेऊन गेले. मैत्रीण लगबगीनं धूपदाणी घेऊन आली. तिला म्हणाली, "ही हिनंच दिली आम्हाला. तुम्ही कोरियन ना? खाली काय लिहिलंय, सांगा की!"

अगं आई गं! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

शेजारणीनं धूपदाणी उलटी केली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "गुड लक लिहिलंय," म्हणाली. हसलीसुद्धा. चार बायकांत माझी अब्रू राखली तिनं.

परतताना गाडीत मी सॉरी सॉरी करत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या मुलीचं नाव आहे ते. आणि खाली, शंभर दिवस." बाळाचा शंभरावा दिवस त्यांच्यात फार मोठा. मी मेलीनं कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन तिच्या दारात गेले, रडले. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला, मान लववली, थँक्यू म्हणाली आणि दार लावलं.

आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, हे मीच तिला शिकवलं होतं. इतक्या वर्षांत तिनं एकदाही दिला नव्हता. आठवड्यानं आमच्या पायरीवर डबा दिसला. मी उभ्या उभ्याच उघडला. स्वच्छ घासून, पुसून कोरडा केलेला. आत साखरेचा दाणासुद्धा नव्हता.